बरणीवरील गोघृत आणि गोठ्यातील गाय

आपल्या व्यवसायात काही शब्द इतके रुळले आहेत की ते लिहिताना लेखणी थबकत नाही. ‘गोघृत’ हा त्यांपैकी एक. फलघृत, त्रिफलाघृत, महातिक्तक घृत, पंचगव्य घृत अशा कितीतरी पाठांत हा शब्द येतो आणि बरणीवरील पाटीवर छापला जातो. वनस्पतींच्या बाबतीत आपण इतके निःशंक नसतो. गुळवेल कडुनिंबावर चढलेली आहे काय, शतावरी जुनी तर नाही ना, हिरडा कोणत्या डोंगराचा, याची चौकशी करणारे वैद्य व औषधशाळाचालक आजही पुष्कळ आहेत. पण ज्या स्नेहात ही द्रव्ये सिद्ध होतात तो स्नेह कोणत्या गाईचा, ती काय खाते, तिच्या पायाशी वासरू आहे काय, गेल्या महिन्यात तिला कोणती औषधे टोचली गेली, हे प्रश्न तुपाच्या खरेदीच्या वेळी क्वचितच विचारले जातात. पंधरा किलोचा डबा येतो, वजन होते, बिल फाटते आणि घृतपाकाची कढई चुलीवर चढते.

एक-दोन गाई, पाच-सहा शेळ्या आणि चार कोंबड्या पाळून राहणाऱ्या लहान शेतकरी कुटुंबाविषयी प्रस्तुत लेखात आम्ही काही लिहू इच्छितो. हे कुटुंब आपल्या औषधशाळेचाच एक भाग आहे. त्याचा दिनक्रम हा आपल्या द्रव्यपरीक्षणाचा विषय आहे आणि त्याचा चरितार्थ चालेल असा भाव देणे हे आपल्या व्यवसायाचे काम आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. या मताला ग्रंथाधार आहे आणि रोकड हिशेबही आहे. दोन्ही क्रमाने मांडतो.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील दुसऱ्या अध्यायाचा तिसरा पाद ‘माषपर्णभृतीय’ या नावाने ओळखला जातो. वाजीकरणाचा विषय म्हणून तो आपण अभ्यासक्रमात वाचतो आणि परीक्षेनंतर विसरतो. पण त्या पादाचा आरंभच एका गाईच्या वर्णनाने होतो. माषपर्णीच्या पाल्यावर पोसलेली, पहिलटकर, धष्टपुष्ट, चारही सड शाबूत असलेली, जिचे वासरू जिवंत आहे व तिच्याच रंगाचे आहे, तांबडी किंवा काळी, वर वळलेल्या शिंगांची, स्वभावाने गरीब आणि घट्ट दुधाची अशी गाय बाळगावी, असा तेथील आशय आहे. माषपर्णीऐवजी ऊस किंवा अर्जुनाचा पाला खाणारी गायही चालेल असा पर्याय दिला आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर हे कच्च्या मालाचे मानकपत्र होय. चारा कोणता, वेत कितवे, कास निरोगी आहे काय, वासरू जगले आहे काय, स्वभाव कसा, सारे त्यात आले. ‘वासरू जिवंत असावे’ ही अट निव्वळ भावनेची म्हणून आपण सोडून देतो. गोठ्यात वावरलेल्या माणसाला तिचा अर्थ ताबडतोब कळतो. वासरू पायाशी असलेली गाय आपणहून पान्हा सोडते. वासरू मेलेल्या गाईचा पान्हा सोडवण्यासाठी मग इंजेक्शनाचा आधार शोधला जातो.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात द्रवद्रव्यांच्या अध्यायात शेळीच्या दुधाची प्रशस्ती आहे, आणि तिचे कारणही तेथेच दिले आहे. शेळीचे शरीर लहान, ती कडू-तिखट पाला खाते, पाणी थोडे पिते आणि दिवसभर हिंडते. म्हणून तिचे दूध गुणकारी. दुधाचा गुण प्राण्याच्या दिनचर्येवरून ठरवणारे हे विवेचन आम्हांस फार मोलाचे वाटते. त्यातून एक अडचणीचा प्रश्नही उभा राहतो. बंदिस्त शेळीपालनाच्या शेडमध्ये जिला चारापेंड समोर मिळते, जी पन्नास पावलेही चालत नाही, तिच्या दुधाला सुश्रुताची ही प्रशस्ती लागू करावी काय? आमच्या मते जशीच्या तशी करता येणार नाही. बंदिस्त पालनाला आमचा विरोध नाही. त्यावर अनेक तरुणांचे संसार चालतात. पण अजाक्षीर म्हणून चिठ्ठीवर लिहिताना त्या शेळीचे पाय चालतात की नाही हे वैद्याने विचारले पाहिजे.

चाऱ्याचा गुणदोष दुधात उतरतो, हे मानण्यासाठी केवळ संहितांवर विसंबण्याचीही गरज उरलेली नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाने २०१८ मध्ये केलेल्या देशव्यापी दूध सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६,४३२ नमुने तपासले गेले. बहुतांश नमुने सुरक्षित आढळले, ही समाधानाची बाब. पण ३६८ नमुन्यांत अॅफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेहून अधिक निघाले आणि ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष मर्यादेबाहेर होते. अॅफ्लाटॉक्सिन दुधात येते ते बुरशी लागलेल्या पेंडीतून व चाऱ्यातून. पाणी मिसळणारा गवळी सर्वांना ठाऊक असतो, पावसात भिजलेल्या सरकी पेंडीच्या पोत्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

आता गोठ्याकडे वळू. आमच्या लहानशा औषधशाळेसाठी गेली काही वर्षे आम्ही लातूर जिल्ह्याच्या देवणी-उदगीर भागातील काही कुटुंबांकडून तूप घेतो. देवणी गोवंशाचे हे माहेर. पांढऱ्या अंगाची व काळ्या तोंडाची वानेरा, पोटाखाली काळे ठिपके असलेली बाळंक्या आणि अंगभर काळे पट्टे-ठिपके असलेली शेवरा, असे तिचे तीन प्रकार तेथील शाळकरी पोरेही ओळखतात. ही गाय दुधालाही बरी आणि तिचे गोऱ्हे औतालाही चांगले, म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याने ती पिढ्यान्पिढ्या जपली. या कुटुंबांकडे जमीन चार-पाच एकर, गोठ्यात एक किंवा दोन देवणी गाई, बहुधा उस्मानाबादी जातीच्या काळ्या शेळ्या, आणि अंगणात डालग्याखाली झाकलेली करडे.

त्या घरांचा दिवस पहाटे पाचच्या सुमारास शेण काढण्याने सुरू होतो, आणि हे काम बाईचे. शेणाची पाटी उकिरड्यावर किंवा गोवऱ्या थापण्याच्या जागी जाते. गोठा झाडून झाला की वासरू सोडायचे, दोन घोट पिऊ द्यायचे, पान्हा आला की त्याला बाजूला बांधून दोन सड काढायचे आणि उरलेले दोन वासराला ठेवायचे. हे प्रमाण कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. घरातली सासू जसे सांगेल तसे ते ठरते. वेत नवे असेल तर वासराला अधिक. त्यानंतर वैरण टाकणे, पाणी दाखवणे आणि मग स्वतःचा चहा. नऊच्या सुमारास म्हातारा शेळ्या घेऊन बांधाने व ओढ्याच्या कडेने निघतो. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, हिवर, कडुनिंबाचे शेंडे, जे तोंडाला येईल ते शेळ्या खुडतात. सुश्रुताचा निकष पुरा करण्याची त्यांची काही प्रतिज्ञा नसते, पण तो पुरा होतो. दुपारी बाई शेतातून येताना डोक्यावर गवताचा भारा आणते. संध्याकाळी पुन्हा धार, विरजण, पेंड भिजवणे. दर तीन-चार दिवसांनी लोणी निघते, ते साठवून आठवड्यातून एकदा कढवले जाते. घरात लग्न असो वा मयत, गाईला सुट्टी नसते. माहेरी जाऊन चार दिवस राहता येत नाही, ही त्या घरांतील सुनांची तक्रार आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की तुपाच्या भावात तिचीही किंमत धरावी असे आम्हांस वाटते.

तुपाचे गणित असे. देशी गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण साडेचार टक्क्यांच्या आसपास धरला आणि विरजण-घुसळण या पद्धतीतील घट लक्षात घेतली, तर एक किलो तुपाला पंचवीस ते तीस लिटर दूध लागते. आपण २८ लिटर धरू. वासराचा वाटा सोडून एका देवणी गाईचे घरी येणारे दूध भर वेतात दिवसाला तीन लिटर. त्यातले एक चहाला व पोरांना. उरले दोन. म्हणजे एक किलो तुपाला चौदा दिवस. दुधाचा भाव लिटरला ३५ रुपये इतकाच धरला तरी त्या २८ लिटरची किंमत ९८० रुपये होते. यात जळण नाही, श्रम नाहीत, भाकड काळातला चारा नाही. ताक घरी राहते, ते वजा करायचे तर करावे. आता आपल्यापैकी जे कोणी सहाशे-सातशे रुपये किलोने ‘शुद्ध देशी गोघृत’ खरेदी करतात, त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. त्या भावात ते तूप येते कोठून, हा प्रश्न त्यांनी विक्रेत्याच्या आधी स्वतःला विचारावा. उत्तर बहुधा म्हशीच्या किंवा संकरित गाईच्या सायीपाशी, आणि कधी कधी त्याहूनही दूर जाऊन मिळेल. संकरित गाईचे तूप अखाद्य आहे असे आम्ही म्हणत नाही. पाटीवर एक आणि बरणीत दुसरे, एवढाच आमचा आक्षेप आहे.

ही कुटुंबे गाय ठेवतील तोवर ठेवतील. २०१२ व २०१९ च्या पशुगणना शेजारी ठेवून पाहिल्या, तर महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर उतरलेली दिसते. याच काळात राज्यातील शेळ्या सुमारे ८४ लाखांवरून १ कोटी ६ लाखांवर गेल्या. शेतकऱ्याने आपला निर्णय घेतलेला आहे, आणि तो अविचाराने घेतलेला नाही. लातूरच्या शिवारात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. ज्वारीबरोबर कडबा येत असे. सोयाबीनबरोबर भुसकट येते, आणि गाय ते नाइलाजाने खाते. कडबा आता विकत घ्यावा लागतो. औताला ट्रॅक्टर आला, त्यामुळे गोऱ्ह्याला गिऱ्हाईक कमी झाले. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्या कायद्याच्या हेतूविषयी येथे चर्चा करण्याचे कारण नाही, पण थकलेला बैल अखेरपर्यंत पोसण्याचा खर्च ज्याच्या दावणीला तो बांधला आहे त्याच्याच माथी आला, ही वस्तुस्थिती आहे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात उभे राहिले म्हणजे हे सारे भाषणाविना समजते. त्यातच २०२२ मध्ये लंपी त्वचारोगाची साथ आली. एकच गाय असलेल्या घरात ती गेली, तर दूध, शेण, वासरू आणि दारचा मान एकदमच गेला. अशा घरांनी पुढे दोन शेळ्या घेतल्या. शेळी दोन करडे देते आणि फीच्या दिवसांत बोकड विकता येतो.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ हा दर्जा घोषित केला, आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन प्रतिगाय ५० रुपये अनुदानाची योजनाही मंजूर झाली. गोशाळांना मदत मिळाली याचा आनंदच आहे. परंतु दावणीला एकच गाय बांधून तिचे वासरू जगवणारी बाई त्या योजनेत बसत नाही. गाय तिने सोडून दिली आणि गोशाळेने ती सांभाळली, म्हणजे त्याच गाईला ५० रुपये लागू होतात! वैद्यसंघटनांनी शासनाकडे जे काही मागावे त्यात एक-दोन गाई असलेल्या कुटुंबांना चाऱ्यासाठी साहाय्य, ही मागणी अग्रभागी असावी असे आम्ही सुचवतो. तोवर आपल्या हातात खरेदीचा भाव आहे.

आता औषधोपचाराचा प्रश्न. हा भाग काही वाचकांना अप्रिय वाटेल. गोठ्यातील सर्वांत सामान्य आजार कासदाह, ज्याला गावाकडे ‘दगडी’ म्हणतात. गाय दुभती असताना कास सुजते, दुधात गाठी येतात, पशुवैद्यक येऊन सडात प्रतिजैविकाची नळी सोडतात. त्या औषधाच्या वेष्टनावर किती दिवस दूध वापरू नये हे लिहिलेले असते. ते दूध ओतून द्यायचे असते. ज्या घरात दोन लिटरवर महिन्याचा किराणा चालतो ते घर आठ-दहा वेळचे दूध ओतून देईल, ही अपेक्षा शहरात बसून करणे सोपे आहे. आमच्याकडील रीत अशी, की उपचार सुरू झाल्याचे कुटुंबाने कळवले तर त्या दिवसांतील दुधाचे पैसे आम्ही तूप न घेता देतो. एका वेतात असा प्रसंग एखाद-दुसरा येतो, रक्कम फार होत नाही, आणि लपवण्याचे कारणच उरत नाही. नुसत्या दरडावणीने किंवा शपथपत्राने हे साधणार नाही.

कासदाहावर कोरफड, हळद व चुना यांचा लेप पुष्कळांना ठाऊक असेल. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम असे त्याचे प्रमाण. तमिळनाडूतील पशुवैद्यक प्रा. पुण्यमूर्ती यांनी परंपरागत पशुचिकित्सेच्या पाठांवर केलेल्या कामातून तो पुढे आला आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने त्याचा देशभर प्रसार केला. प्रतिजैविकांचा वापर कमी व्हावा हाच त्यामागचा हेतू. आपल्या शास्त्रातील द्रव्ये गोठ्यात पोहोचत आहेत याचे समाधान वाटते. तथापि वैद्याने येथे आपली मर्यादा ओळखावी. गाईला ताप आहे, चारा सोडला आहे, कास दगडासारखी झाली आहे, अशा वेळी फोनवरून लेप सांगून पशुवैद्यकाला बोलावण्यास उशीर करवणे हा अपराध होय. लाळ्या खुरकूत व शेळ्यांमधील पीपीआर यांच्या लशींना पर्याय म्हणून काढे सुचवणाऱ्यांचेही आम्ही समर्थन करू शकत नाही. लंपीच्या साथीत गाईंना वाचवण्यासाठी जी लस टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची होती, आणि तिने काम केले.

याच ओघात धारोष्ण दुधाविषयी बोलणे आवश्यक आहे. ग्रंथांत धारोष्ण गोदुग्धाची स्तुती आहे, म्हणून शहरातील काही मंडळी गोठ्यावर जाऊन धारेखाली पेला धरतात. ब्रुसेलोसिस व क्षय हे रोग न तापवलेल्या दुधातून माणसाला होतात, हे निर्विवाद आहे. ज्या जनावराची तपासणी झालेली नाही त्याचे दूध कच्चे पिण्याचा सल्ला कोणत्याही वैद्याने देऊ नये. शेळीच्या बाबतीत तर ग्रंथच आपल्या बाजूला आहे. भावप्रकाशात गाईचे दूध धारोष्ण सांगितले, म्हशीचे काढून थंड झालेले, मेंढीचे तापवून गरम असतानाच, आणि शेळीचे तापवून निववलेले. हा भेद आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. रुग्णांना सांगत नाही. डेंग्यूच्या साथीत शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात या समजुतीपायी शहरांत ते वाटेल त्या भावाने, आणि पुष्कळदा कच्चेच, प्यायले जाते. या समजुतीला भरवशाचा आधार नाही. तिला खतपाणी घालणारे व्यवसायबंधू आपल्यात असतील तर त्यांनी थांबावे. उस्मानाबादी शेळी तीन-चार महिनेच दुभती असते आणि तिला बहुधा जुळी करडे असतात, त्या करडांच्या तोंडचे दूध काढून आपण हा उद्योग करतो.

ब्रुसेलोसिसविषयी एक व्यावहारिक सूचना येथेच करतो. खेड्यातून येणाऱ्या रुग्णाला अनेक आठवडे चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर व सांधे धरणे, कधी वृषणशोथ अशी लक्षणे असतील, तर आमवात किंवा विषमज्वर म्हणून पाठ लिहिण्याआधी त्याला विचारावे, घरी गाय-शेळी गाभडली होती काय, वार कोणी काढली होती. वार हातांनी काढणारा, गाभडलेले वासरू उचलणारा माणूस या रोगाला प्रथम बळी पडतो, आणि त्या घरात तो माणूस बहुधा हातमोजे न वापरणारा असतो. अशा रुग्णाची रक्ततपासणी करवून योग्य उपचाराकडे पाठवणे हे आपलेच काम आहे. मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात या रोगाची लस देतात, हेही त्याच बैठकीत त्याला सांगावे.

गोमूत्र व गोवरी यांच्याविषयी थोडक्यात. कुचला गोमूत्रात भिजतो, मांडूर तापवून त्यातच विझवला जातो, पुनर्नवा मांडूर त्याशिवाय होत नाही. चांगले गोमूत्र म्हणजे पहाटे गाय उठताच भांडे धरून घेतलेले. त्यासाठी माणूस जागा हवा. शेडच्या नाल्यातून कॅनमध्ये भरलेले पाणीमिश्रित द्रव शोधनाला वापरणाऱ्यांनी भल्लातक-वत्सनाभासारख्या द्रव्यांना हात घालू नये. पुटासाठी ग्रंथांनी वनोपल, म्हणजे रानशेणी सांगितली. चरायला गेलेल्या गाईचे रानात पडून वाळलेले शेण. चरणारी गायच उरली नाही तर रानशेणी कोठून येणार? गजपुटाला शेकड्यांनी गोवऱ्या लागतात, आणि त्या थापणाऱ्या हातांना आज शेकड्यावर जो दर मिळतो तो सांगायलाही संकोच वाटतो.

काही औषधशाळाचालक म्हणतील, आम्हांला महिन्याला दोनशे किलो तूप लागते, एका गाईच्या दहा-बारा किलो वार्षिक तुपावर आम्ही काय करावे? प्रश्न रास्त आहे. आमचे म्हणणे, सगळ्या मालासाठी एकदम हे होणार नाही. लेप, मलम, अवलेह यांचे मोठे उत्पादन चालू राहो, फक्त त्यांच्या पाटीवर जे आहे तेच लिहिले जावे. परंतु पंचकर्मातील स्नेहपानासाठी, अपस्मार-उन्मादावरील घृतांसाठी, बालकांसाठी व गर्भिणीसाठी जे घृत सिद्ध होते, तेवढे तरी ओळखीच्या गोठ्याचे असावे. त्याला लागणारे तूप फार नाही. वीस-पंचवीस कुटुंबे जोडली तर एका मध्यम औषधशाळेची ती गरज भागते. शेड्यूल टी नुसार कच्च्या मालाच्या नोंदी आपण ठेवतोच. त्याच वहीत पुरवठादाराच्या जागी व्यापाऱ्याच्या नावाऐवजी त्या बाईचे नाव, गाईचा वंश, वेत, चारा आणि उपचाराच्या तारखा येऊ शकतात. ‘त्या बाईचे’ असे आम्ही जाणूनबुजून लिहितो. शेण ती काढते, धार ती काढते, तूप ती कढवते. खात्यातील रक्कमही तिच्याच नावावर जावी. जिथे आम्ही हे केले तिथे गाय विकण्याचा निर्णय घरात सहजासहजी होत नाही, असा अनुभव आहे.

खरेदीचा काळही पाहावा. पावसाळ्यात ओला चारा वाढतो, श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत तूप विपुल व चांगले निघते; वैशाखात गाई आटतात. कुटुंबाकडे साठवण्याची सोय नसते आणि पैसे अडकवण्याची ताकदही नसते. म्हणून हंगामात रोख घेऊन साठवण्याचे काम औषधशाळेने करावे. पुराण घृताची आवश्यकता आपल्या शास्त्राने सांगितलेलीच आहे. दरवर्षी वीस किलो बाजूला काढून त्यावर वर्ष घातले, तर दहा वर्षांनी जे हाती येईल ते बाजारात कोणत्याही भावाने मिळत नाही.

भाव ठरवताना आम्ही दुधाचा स्थानिक दर घेतो, त्याला २८ ने गुणतो, त्यावर जळण व श्रम यांसाठी निम्मी रक्कम आणखी घालतो. ३५ रुपये दराने तो १,४७० रुपये किलो पडतो. घृतपाकाच्या शंभर ग्रॅमच्या बाटलीवर यामुळे किती रुपये वाढतात, ते ज्याने त्याने आपल्या पाठानुसार काढावे. आमच्या अनुभवात रुग्ण ती वाढ विचारतात आणि गोठ्याचे नाव ऐकून देतात. येत्या श्रावणापूर्वी आपापल्या तालुक्यात अशी पाच-सात घरे शोधावीत. शोध कठीण नाही. गावच्या पशुवैद्यकाला किंवा पोळ्याच्या दिवशी वेशीत उभे राहून विचारले तरी चालते. प्रथम भेटीला जाताना कॅन न्यावा, पण त्या दिवशी तो भरून आणण्याची घाई करू नये. चारा पाहावा, पेंडीच्या पोत्यात हात घालून वास घ्यावा, वासराच्या पाठीवरून हात फिरवावा. वासरू भरलेले असेल तर त्या घराशी भावाची बोलणी करावीत.